एक बोट आखूड

त्रिंबकराव ठेकेदारांनी नवा पाय जमिनीवर टेकला आणि लहान मुलासारखे हसले.

"अहो डॉक्टर, वाकतोय की हा!"

"वाकणारच," हरेश्वर म्हणाला. "घोट्यात बिजागरी आहे. होडीच्या सुकाणूला असते तशी."

गिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांत हरेश्वर फक्त पाय बघत असे. कुरूपं काढी, वाकड्या बोटांना पट्ट्या बांधी, बसक्या तळव्यांखाली घालायच्या पितळी कमानी घडवी. माझगावच्या कोळ्याचा पोर डॉक्टर झाला आणि शेवटी लोकांचे पायच धरून बसला, असं त्याच्या बरोबरीचे डॉक्टर हसून म्हणत. विलायतेहून येणारे लाकडी पाय खुंटासारखे ताठ असत. त्याने वाकणारा पाय केला आणि तेच डॉक्टर आपले रोगी त्याच्याकडे धाडू लागले. मधुमेहाने सडलेलं त्रिंबकरावांचं पाऊल कापणाऱ्या बड्या सर्जननेही त्यांना इथेच पाठवलं होतं.

"चाला बघू."

त्रिंबकराव काठी टेकत दारापर्यंत गेले आणि परत आले. दर पावलाला त्यांची उजवी कंबर किंचित खचत होती.

"या बाजूला खाली गेल्यासारखं वाटतं हो."

"सवय होईल," हरेश्वर वर न बघता म्हणाला.

सवय होणार नव्हती. पाय एक बोट आखूड होता. आधी तो अगदी मापात उतरला होता; मग हरेश्वरने कानस घेऊन टाच घासत नेली होती. आज नुसती कंबर खचेल. पावसाळ्यापर्यंत पाठीत कळ धरेल. पुढे कुशीवर वळतानाही हा माणूस ओरडेल, आणि कोणताही डॉक्टर म्हणेल, वय झालं.

त्रिंबकराव खुर्चीत बसले. त्यांनी अत्तराचा रुमाल नाकाला लावला. "इथे मासळीचा वास येतोय का हो?"

आतल्या खोलीत हरेश्वरची बायको गुणवंती बोंबील भाजत होती.

पट्टा आवळणारे हरेश्वरचे हात थांबले. हेच शब्द त्याने भायखळ्याच्या रस्त्यावर ऐकले होते. तेव्हा तो शिकत होता. गुणवंती डोक्यावर टोपली घेऊन पुढे चालली होती, तो मागे. भरधाव घोडागाडी तिच्या पावलावरून गेली. गाडीवान लगाम खेचू लागला, तर आतल्या माणसाने तोंड बाहेर काढून म्हटलं, "थांबू नको रे, मासळीचा वास येतोय." गाडी निघून गेली. गुणवंतीचं पाऊल कापावं लागलं. त्यानंतर हरेश्वरने जे जे बनवलं, ते आधी तिच्यासाठी. आणि माप द्यायला त्रिंबकराव पहिल्यांदा दारात उभे राहिले, तेव्हा त्याने ते तोंड लगेच ओळखलं होतं.

"पूर्वी गाडी जोरात पळवायचात म्हणे," तो म्हणाला.

"जोरात?" त्रिंबकराव खुलले. "भायखळ्यापासून गिरगावापर्यंत कुणाची छाती नव्हती आमच्या पुढे जायची!"

"कधी कुणाला लागलं नाही?"

हरेश्वरने टेबलाचा खण थोडा ओढला. आत लाकडाची एक पातळ चकती होती. टाचेखाली दोन खिळ्यांनी ठोकली की पाय पुन्हा मापात आला असता.

त्रिंबकराव आठवू लागले. अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून आठवू लागले.

"नाही बुवा," ते म्हणाले. "देवाची कृपा."

हरेश्वरने खणावरचा हात काढला आणि पट्टा घट्ट आवळला.

निघताना त्रिंबकरावांचे डोळे भरून आले. काठी भिंतीला टेकवून, कसाबसा तोल सावरत ते वाकले. हरेश्वर मागे सरकेपर्यंत त्यांची बोटं त्याच्या पावलांना लागलीसुद्धा. "देवासारखे भेटलात," ते म्हणाले. मग खचत, सावरत पायऱ्या उतरून गेले.

हरेश्वर वळला. आतल्या दारात गुणवंती उभी होती. गुडघ्यापर्यंतच्या लुगड्याखाली तिच्या लाकडी पायाची बिजागरी चकाकत होती. ती सरळ चालत आली, कुठेही न खचता.

"त्याचा पाय आखूड केलात तुमी."

"हो."

"वळखलात त्याला?"

"पहिल्याच दिवशी. तू?"

"आत्ता. आवाजानं."

हरेश्वरने टेबलाचा खण पुरता ओढला. दवाखान्यातून बाहेर जाणारा प्रत्येक पाय ती आधी हातात घेऊन बघायची. जरा खोट दिसली तर परत करायला लावायची. हा एकच त्याने तिच्यापासून लपवला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "ही चकती करून ठेवलीये. उद्या बोलावून लावून देतो."

गुणवंतीने चकतीकडे पाहिलं. मग खण लोटून बंद केला.

"पाय माझा गेला," ती म्हणाली. "टाच घासताना मला हाक मारायची होतीत."