दगडाखालचे किडे

मुलांनो, समजा तुम्ही घोटाभर गार पाण्यात उभे आहात आणि ओढ्यातला दगड उलटा करून बघताय. त्याला तीन शेपट्यांचे इवलेसे किडे चिकटलेले दिसले, तर ओढा निरोगी.

एवढंच शिकवून राणेबाईंनी वर्गाला ओढ्यावर आणलं होतं. मनवाला वरच्या अंगाला दगडादगडाखाली किडे मिळाले; काही तिने पाण्याच्या बशीत घेतले. खाली, तिच्या घरच्या आंबेबागेलगतच्या डोहात मात्र एकही नाही. आंब्याच्या मोहोरावर औषध फवारून झालं की बाबा पंप इथेच धुवायचे.

"तुझा डोह आजारी दिसतोय," निहार हसला. "थांब, बाईंनाच बोलावतो."

बाई आल्या की सगळ्यांसमोर बाबांचं नाव निघणार. निहारची पाठ वळताच मनवाने वरून आणलेले किडे बशीतून डोहातल्या दगडावर सोडले. क्षणभर ते चिकटून राहिले. मग त्यांचे पाय सुटले आणि ते उताणे होऊन तरंगू लागले.

"मनवा, काय सापडलं गं?" बाईंचा आवाज जवळ आला.

मनवाने भराभर ते किडे पुन्हा बशीत भरून घेतले. "बाई, आधी यांना वर सोडून येते," ती पळता पळता म्हणाली, "मग बाबांचं सांगते."