शुक्रवारची भट्टी

"भट्टीचं आयुष्य संपलंय," इंजिनियर लहबाबी कोर्टात म्हणाले.

गल्लीतल्या बायका घरी कणीक मळून पाठवायच्या आणि ताहरा त्या भट्टीत पाव भाजून द्यायची. करार साधा होता. भट्टी कामाची आहे तोवर ताहराची, कामातून गेली की जागा मालकाची. मालक सी अल्लालला तिथे हॉटेल काढायचं होतं, म्हणून त्याने खटला भरला होता. लहबाबी त्याच्या बाजूचे.

"संपलंय कशावरून?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"तक्त्यावरून. विटांच्या भट्टीला जेवढी वर्षं धरतात, ती कधीच उलटली. शिवाय घुमटाला भेगा आहेत, बोट जाईल एवढ्या."

ताहराच्या बाजूचे तज्ज्ञ ताडकन उठले. "बाईसाहेब, ही भट्टी ताहराबाईंच्या नातवंडांनाही पुरेल!"

"तुम्ही भट्टी बघितलीत, की नुसता ताहराबाईंचा चहा पिऊन आलात? भेगा आहेत की नाहीत?"

तज्ज्ञ खाली बसले. मेल्याला बोलायला कुणी सांगितलं होतं, ताहराने मनात शिवी हासडली.

बाई पुन्हा लहबाबींकडे वळल्या. "तुम्ही कोणत्या वारी गेला होतात?"

"शुक्रवारी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शुक्रवारी अख्ख्या फेस शहरात घरोघरी पावाऐवजी रव्याचा कुसकुस शिजतो. पाव भाजायला पाठवणार कोण? भट्टी थंडगार असते.

"अहो, थंडीत माझ्या टाचांनाही भेगा पडतात," बाई म्हणाल्या. "आज भट्टी पेटलेली असेल. आत्ता जा, बघून या."

ताहरा बाकावर बसून राहिली. भट्टीवर बसवलेली बहीण नीट जाळ घालत असेल ना, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

लहबाबी परतले ते घामाघूम होऊन. कोटाच्या बाहीला काजळी लागली होती.

"भट्टी तापल्यावर भेगा मिटल्यात, बाईसाहेब. बोट सोडा, सुईसुद्धा जाणार नाही. पाव सगळीकडून सारखा भाजला जातोय. मी माझं मत मागे घेतो."

"तक्ता जगातल्या सगळ्या भट्ट्यांचा आहे," बाई म्हणाल्या. "मला या एकीचं ठरवायचंय. भट्टी कामाची आहे. करार चालू राहील."

ताहराला रडूच फुटलं. सुटले बाई एकदाची, असं ती मोठ्यानेच म्हणाली.

बाहेर सी अल्लाल तिच्यासाठी थांबला होता. आता हा चारचौघांत तोंडसुख घेणार, असं वाटून तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला.

तो जवळ आला आणि अदबीने, हळूच म्हणाला, "लल्ला ताहरा, आज आमच्या घरची कणीक घ्याल ना?"

"रोज घेते की. आजच काय विचारताय?"

"खटला भरल्यापासून आई माझ्याशी बोलत नाही." त्याने मोठा सुस्कारा सोडला. "आता बोलेल."