कपाटातला स्वेटर
"फोटोग्राफरने जागा बघून कपडे घालावेत, म्हणजे दारावर कुणी हटकत नाही," म्हणत वर्तमानपत्राच्या मुख्य फोटोग्राफरबाईंनी नव्या मुलीसमोर कपाट उघडलं. कोर्टासाठी काळा कोट, कारखान्यासाठी कामगारांचा निळा डगला. "मॅडम, हा हाताने विणलेला स्वेटर?" "कारखाना पेटला तेव्हा डगला घालून आत शिरले होते. परतताना फाटकापाशी एका बाईला वाटलं, मी तिच्या लेकीबरोबरच कामाला आहे. 'पोर दिसली का हो माझी?' आत कुणीच वाचलं नव्हतं. म्हटलं, 'येतेय मागून.' काय उजळला तिचा चेहरा! रडके चेहरे सगळ्यांनी टिपले, हा फक्त मी. पहिल्या पानावर आला. स्वेटर तिनेच हातात कोंबला, म्हणाली, 'गारठा आहे, तिला घालायला सांगा.'" मुलीने स्वेटरवरचा हात मागे घेतला. बाईंनी स्वेटर झटकून तिच्या अंगाला लावला. "उद्या पूरग्रस्तांच्या छावणीत हाच घाल. त्यांच्यातलीच वाटशील."