टाकीवरची काळी जागा

होळकरांच्या फौजेत जयसिंगराव तोफा घासत. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला तसे ते परदेशीपुरा मोहल्ल्यात ट्रक घासू लागले. ट्रकची ॲल्युमिनियमची डिझेल टाकी राख आणि घासलेट लावून ते अशी चमकवत की ड्रायव्हर लोक तिच्यापुढे उभं राहून भांग पाडत. फक्त एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा ते काळीच सोडत. गाडीला नजर लागू नये म्हणून.

त्या सकाळी त्यांचा धाकटा भाऊ रणोजी गाडी घेऊन घाट उतरणार होता. भावाची गाडी म्हणून हात जरा जास्तच चालला, आणि ती जागाही घासली गेली.

फडकं बाजूला करून त्यांनी टाकीत पाहिलं. अंगण होतं, कडुलिंब होता, ते स्वतः होते. मागे दाराशी चहा पीत उभा असलेला रणोजी तेवढा नव्हता.

त्यांनी वळून पाहिलं. रणोजी बशीत फुंकर मारत होता. पुन्हा टाकीत पाहिलं. दार रिकामंच.

सायलेन्सरची काजळी अंगठ्यावर घेऊन त्यांनी कोपऱ्यात घट्ट दाबली.

टाकीतल्या दाराशी रणोजी आला, बशीसकट. जयसिंगरावांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच मातीत बसले आणि हसत सुटले.

"सब ठीक ना, दादा? एकटेच हसताय," म्हणत रणोजी जवळ आला.

त्याच्या कपाळावर अंगठ्याएवढा काळा ठसा होता, अगदी ताजा.

"सब ठीक," जयसिंगराव म्हणाले. "घाट उतरेपर्यंत तोंड धुऊ नकोस."