गेणूचं पथ्य

"हे कालवण हाय का भांडी विसळलेलं पाणी?" गेणूनं ताट पुढं ढकललं.

"पाणीच हाय. प्या गपचिप," सारजाबाई म्हणाली.

घाटघरच्या त्या घरात पंधरा दिवस हेच चाललं होतं. गावच्या शाळेत तपासणीचं शिबिर झालं, तिथं नवराबायको दोघांच्याही छातीला वायरी लावून कागद काढले. ते वाचून होईपर्यंत थांबायला सारजाबाईला कुठला धीर? शेळ्या सोडायच्या राहिल्यात म्हणत ती घरी पळाली. मागून गेणू आला तो चेहरा पाडूनच.

"मला हृदयाचं दुखणं निघालं," तो ओट्यावर बसत म्हणाला. "रक्ताची वाट अरुंद झालीय. पथ्य पाळलं तर निभंल, न्हाई तर काय खरं नाय."

"आन् माजं?"

"तुजं काय, बीपी वाढलंय. गोळ्या दिल्यात."

रडत बसणारी बाई सारजाबाई नव्हे. पदर खोचून ती म्हणाली, "मी हाय तवर यम दारात येतो कसा, तेच बघते."

यमाचं एक वेळ सोपं होतं, गेणूचं अवघड. एकट्याला अळणी गिळवत नाही म्हणून हटून बसला. उभा जन्म सारजाबाई सगळ्यांच्या मागून, भांड्याच्या तळाशी राहील ते खायची. आता नवऱ्याच्या जिवासाठी त्याच्या शेजारी ताट घेऊन बसू लागली, त्याच्याच पथ्याचं खाऊ लागली. नाचणीची भाकरी, पालेभाजी, मोडाचे वाल. तेल चमच्यानं मोजून. सुकट आणि पापड घरातून हद्दपार.

मग तंबाखूची पाळी आली. गेणूनं आपली पिशवी फेकली आणि म्हणाला, "तुज्या मशेरीचा वास आला की माजा जीव तळमळतो. मी सोडू कसा?"

सारजाबाईची दाढ सारखी ठणकायची, तिला मशेरीशिवाय चालायचं नाही. दोन दिवस तिनं घरात नुसती आदळआपट केली. तिसऱ्या दिवशी सगळी मशेरी उकिरड्यावर नेऊन ओतली.

गोळ्यांचं तेच. सून हर्षाली सकाळी दोघांच्या गोळ्या पुढं ठेवायची. सारजाबाईच्या गोळ्या एरवी फळीवर धूळ खात पडायच्या, पण गेणू अडून बसायचा. "आधी तू घे, मंग मी."

"ल्हान पोर परवडलं, राव!" असं म्हणून ती घटकन गिळायची.

चालायलाही तो एकटा जाईना. वाटेत पडलो-बिडलो तर कोण उचलणार, म्हणे. मग रोज सकाळी दोघं नाणेघाटाच्या रस्त्यानं निघायची. पहिल्या दिवशी पहिल्याच वळणावर दोघांना बसावं लागलं.

"तुमच्यापायी माजाबी दम निघाला," ती करवादली.

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "सारजाबाय, आता ह्या वयात जोडीनं फिरायचं व्हय?"

"नवरा वाचवायचाय मला. हसा किती हसायचं ते!"

दर महिन्याला दोघं जुन्नरला एसटीनं आणि तिथून जीपनं नारायणगावला जायची. डॉक्टर गेणूशी चार शब्द बोलायचे आणि आलाच आहात तर म्हणून तिचंही सगळं बघायचे.

वर्ष गेलं. एका सकाळी दोघं घाटाच्या तोंडापर्यंत गेली आणि परतली, कुठंही न टेकता. सारजाबाईला इतका आनंद झाला की भर रस्त्यात तिनं गेणूच्या पाठीत धपका घातला. "जिंकलो की ओ!"

त्या महिन्यात डॉक्टरांनी चालत्या पट्ट्यावर चालायची तपासणी सांगितली. पट्टा सरकताना बघून गेणू दोन पावलं मागं गेला.

"मला भ्या वाटतंय. आधी तू चढ."

"आगं बया, एवढं डोंगर चढला आन् ह्याला भ्याला?" तिनं लुगडं आवरलं, छातीला वायरी लावून घेतल्या आणि चढली. पट्टा जोरात धावू लागला, पुढून उंच झाला. सारजाबाई झपाझप चालत राहिली. गेणू भिंतीला टेकून, हात जोडून पडद्याकडं बघत होता.

पट्टा थांबला. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि टाळ्याच वाजवल्या. गेणू मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

"बघा, आजून भेतंय माणूस!" घाम पुसत सारजाबाई हसली. "चढवा आता ह्यांना, डॉक्टर."

"त्यांना कशाला?" डॉक्टर म्हणाले. "शिबिरात दुखणं निघालं होतं ते तुमच्या हृदयात, सारजाबाई. त्यांना कधी काही झालंच नव्हतं."