सलूनमधली डॉक्टरीणबाई

डबा घेऊन ती वडिलांच्या सलूनमध्ये शिरली, तर खुर्चीतल्या शिंपीकाकांनी फेसाळल्या तोंडातून जीभ बाहेर काढली. "डॉक्टरीणबाई, जिभेवर हे काय उठलंय बघ गं!" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेडिकलला तिचा नंबर लागलाच नव्हता. वडिलांनी मात्र लागला म्हणून गल्लीभर डांगोरा पिटला होता. सकाळपासून त्यांचा एकच धोशा: प्रवेश परीक्षेच्या फॉर्मची आज शेवटची तारीख, पुन्हा भरून टाक, यंदा नंबर लागला की माझी थाप पचेल. आरशातून ते डोळ्यांनीच विनवत होते. "काका, माझा नंबर लागला नाही," ती म्हणाली. "अभ्यास कच्चा आहे. यंदा थांबतेय, पुढच्या वर्षी फॉर्म भरेन." वस्तरा हवेतच थबकला. काकांनी जीभ आत घेतली. "ठाऊक आहे गं सगळ्यांना. पण वस्तरा त्याच्या हातात, मान आमची, बोलणार कोण?" वडिलांनी आरशात न बघता विचारलं, "पुढचे फॉर्म कधी निघतात?"