सात लाकडांचा पेन

पहिला पेन फिरत्या खरादीवरच फुटला. चिकटवलेले सांधे नीट वाळले नव्हते आणि मल्लिनाथला घाई झालेली. सात लाकडांचे तुकडे दुकानभर उडाले. एक तर थेट गालाला चाटून गेला.

"मरू द्या ना बाबा," अक्षरा म्हणाली. "मी साधाच पेन नेते परीक्षेला."

"असं कसं? लोक लेकराला अंगारा लावून पाठवतात. मी माझ्या हातचं देणार."

नांदेडात मल्लिनाथचं खरादीचं दुकान होतं. पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे खांब, सगळं करायचा. अक्षरा दोन वर्षांपासून लातूरला क्लासला होती आणि डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेआधी चार दिवस घरी आली होती. ती डॉक्टर व्हावी, बस्स. शिवकन्या, म्हणजे बायको, गेल्यापासून त्यानं महादेवाकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

त्यानं पुन्हा तुकडे काढले. अक्षराच्या पाळण्याचं शिसव, तिच्या पाटीची चौकट, शिवकन्येच्या पोळपाटाचा आंबा. बाकी बाभूळ, लिंब, चिंच आणि सागवान. काळ्याशेजारी पांढरं असं लावत चिकटवले, शिकंज्यात आवळले आणि या वेळी पुरते वाळेपर्यंत बोटसुद्धा लावलं नाही. मग मधोमध भोक पाडून पितळेची नळी बसवली. खरादीवर पटाशी हलक्या हातानं धरून पेन उतरवला. सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नव्हतं.

अक्षरानं पेन हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"आईचा पोळपाट फोडला का हो?"

"फोडतो कशाला? कडेचा तुकडा काढला. पोळ्या होतात की अजून त्याच्यावर." मग तो म्हणाला, "परीक्षेच्या दिवशी मी येऊ का लातूरला? गेटापाशी बसून राहीन."

"नका येऊ बाबा. तुम्ही दिसले की मला लई टेन्शन येतं."

"बरं बाई, न्हाई येत."

पोरीचंही खरं होतं. दोन वर्षांत निम्मी झाली होती ती. फोनवर अभ्यासाचं विचारलं की "चालू हाय" एवढंच म्हणायची. अभ्यास करणारी लेकरं कमीच बोलतात, असं मल्लिनाथ गल्लीत छाती फुगवून सांगायचा.

परीक्षेच्या दिवशी त्यानं खराद बंद ठेवली. सकाळीच महादेवाला बेल वाहिला आणि दिवसभर पाण्यावर राहिला. रात्री अक्षरा परतली. ती चप्पल काढतेय तोवरच त्यानं विचारलं, "पेन चालला का?"

"चालला बाबा. सगळा पेपर यानंच सोडवला. सुपरवायझरनं हातात घेऊन बघितला. म्हणले, असला कुठं मिळतो?"

"खरंच?"

"हाव."

मल्लिनाथनं पेन उघडला. नवी घातलेली रिफिल निम्मी उतरली होती. अरे देवा, किती लिहिलं असेल पोरीनं! त्याला रडूच फुटलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. अक्षरा मात्र न जेवताच झोपली. दमली असेल बिचारी.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मनिषाताई लाटणं घ्यायला आल्या. त्यांचा मुलगा रुद्रेशही लातूरलाच याच परीक्षेला बसला होता. मल्लिनाथनं त्यांना स्टूल पुढे केलं. पेन त्यानं सकाळीच अक्षराकडून मागून घेतला होता, गिऱ्हाइकांना दाखवायला. पहिला कसा फुटला इथपासून सगळी कहाणी त्यानं सांगून टाकली.

"रुद्रेशला पुन्हा बसायची पाळी आली, तर त्याला बी असाच करून देतो, ताई. पैसे नका देऊ. माझ्या पोरीनं अख्खा पेपर याच पेनानं सोडवला."

मनिषाताईंनी पेन उलटासुलटा करून पाहिला. "काय सुंदर केलाय हो! पण परीक्षेसाठी नका करू."

"का? आवडला न्हाई?"

"आवडला की. पण या परीक्षेला आपला पेन आत नेऊच देत न्हाईत, मल्लिनाथभाऊ. आत गेल्यावर तेच देतात. हॉल तिकिटावरच छापलेलं असतंय."